पंप बिघडला असे कशावरून?

आपल्याकडे पेट्रोलपंप म्हटले की रस्त्याकडेचे ते ठिकाण डोळ्यांपुढे येते, जिथे आपण गाडी उभी करतो आणि आकडा शून्यावर आहे ना, ते वाकून बघतो. आज मला बोलायचे आहे तो पंप तो नव्हे. हा पंप मोटारीच्या पोटात असतो, मुठीत मावेल एवढा असतो, आणि टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवतो. तो नीट चालतो तोवर त्याची कुणाला आठवण नसते. गाडी वाटेत बंद पडली, की मात्र पहिला आळ बहुधा त्याच्यावर येतो.

आळ हा शब्द मी मुद्दामच वापरला. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, मोटारी दुरुस्त करीत नाही. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कुठून आला, असे कुणी विचारील. तो मी साडेसहा हजार रुपये मोजून विकत घेतलेला आहे.

त्याचे असे झाले. नवरात्रात आम्ही घरची मंडळी मोहट्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. गाडी सेकंडहँड घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. परतताना दिवस मावळायला आला. करंजीच्या घाटात चढावर गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर धाकटी झोपलेली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूने मालमोटारी अंगावर येताहेत. चावी फिरवावी तर स्टार्टर गरगर फिरतो, इंजिन काही पेट घेत नाही. सर्वांना खाली उतरवून डोंगराच्या कडेला उभे केले, तांबडा त्रिकोण मागे नेऊन ठेवला आणि बॉनेट उघडून आत बघत राहिलो. आत बघून मला काय कळणार होते? पण बॉनेट उघडून उभे राहिले म्हणजे आपण काहीतरी करतो आहोत असे वाटते. अर्ध्या तासाने पुन्हा चावी फिरवली, तर जणू काही झालेच नाही अशी गाडी सुरू झाली!

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली. लक्षणे ऐकताच तिथला कारागीर म्हणाला, ‘सर, पंप गेला.’

मी विचारले, ‘कशावरून?’

‘गरम झाला की बंद, गार झाला की चालू. पंपच. रोज बघतो आम्ही.’

पंप बदलला. गाडी चालू लागली. नऊ दिवस झकास चालली. दहाव्या दिवशी इमामपूरच्या घाटात तेच आचके आणि तोच अर्धा तास.

त्या नऊ दिवसांत मला कुणी विचारले असते, तर मीही छातीठोकपणे सांगितले असते की पंपच गेला होता. बदलला आणि गाडी चालली, आणखी पुरावा कोणता हवा? आणि वर्गात मी दरवर्षी मुलांना काकतालीय न्याय समजावून देतो! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणजे कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे होत नाही. असो. खरी गोम काय होती ते पुढे सांगतो. आधी हा पंप करतो काय, ते पाहू.

जुन्या मोटारींत, म्हणजे फियाट, अँबॅसडर, पेट्रोलवरची जीप यांत, पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असे. गॅरेजात त्याला एसी पंप म्हणत. त्याच्या आत रबरी कापडाचा एक पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरला की एक तरफ हलते आणि पडदा खाली ओढला जातो. टाकीतले पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडद्याला वर ढकलते आणि ते पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. आलेले पेट्रोल मागे फिरू नये म्हणून दोन बाजूंना दोन झडपा. आपल्या छातीतल्या हृदयाचे कामही थोडेफार असेच चालते. या पंपाचा दाब अगदी थोडा, दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास. कार्ब्युरेटरची वाटी भरली की काम झाले.

हा पंप मागून ओढणारा. टाकी मागे, पंप पुढे, इंजिनाच्या उष्णतेत. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. वैशाखातल्या दुपारी नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, पंप नुसती वाफ चघळत बसे, आणि गाडी थांबे. मग ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली बसत. ते फडके म्हणजे अंधश्रद्धा नव्हती, शुद्ध पदार्थविज्ञान होते. शिक्षकबंधूंना व भगिनींना हे वर्गात दाखवता येईल. सुई नसलेली मोठी सिरींज घ्यावी, तिच्यात साठ-सत्तर अंश उष्णतेचे थोडे पाणी ओढावे, तोंडाला टोपण घट्ट लावावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. पाणी न तापवताच त्यात बुडबुडे उठतात. दट्ट्या सोडला की ते मावळतात. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, मुलांच्या हाती गरम पाणी देऊ नये. आणि करावा तो पाण्याने, पेट्रोलने मुळीच नव्हे.

२००० सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर मागे पडला. आता पेट्रोल इंजेक्टरमधून बारीक फवाऱ्याने सोडतात, आणि त्याला दाब लागतो तीन किलोच्या आसपास, म्हणजे पूर्वीच्या दहा-बारा पट. एवढा दाब देणारा पंप विजेवर चालतो, आणि तो बसवतात थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून. हा ओढत नाही, मागून ढकलतो. दाबाखालचे पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, म्हणून ओल्या फडक्याची गरजही उरली नाही.

विजेची मोटर आणि तीही पेट्रोलमध्ये बुडालेली! प्रथम ऐकले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. पण आग लागायला पेट्रोलच्या वाफेबरोबर हवाही ठरावीक प्रमाणात लागते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेटते. बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला पुरेशी हवाच नसते. उलट पंपाभोवतीचे पेट्रोल त्याला गार ठेवते आणि वंगणाचेही काम करते. विहिरीतली पाणबुडी मोटर पाण्याने गार राहते, तसेच हे. म्हणून टाकीचा काटा सदोदित तांबड्या खुणेवर ठेवून गाडी हाकणारा माणूस आपल्या पंपाचे आयुष्य कमी करीत असतो. महिनाअखेरीस हे पाळणे अवघड जाते, हे मी स्वानुभवाने जाणतो. तरी पाव टाकी पेट्रोल असू द्यावे.

आता बिघाडाची लक्षणे. पंप थकत चालला की सकाळी चावी पुष्कळ वेळ फिरवावी लागते. सपाटीवर गाडी चालते, पण चढावर किंवा भरल्या गाडीत तिचा दम जातो. कारण तिथे पेट्रोल जास्त लागते आणि पंप तेवढे पुरवू शकत नाही. वेगात असता आचके बसतात. मागच्या सीटखालून किणकिणल्यासारखा आवाज येऊ लागतो. तापली की बंद, निवली की चालू, हेही त्यातलेच.

पण गंमत पुढेच आहे. यातले जवळजवळ प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशानेही होऊ शकते. फिल्टर तुंबला, टाकीतली गाळणी गाळाने भरली, टाकीत हवा शिरण्याची वाट बंद झाली, रिले सैल झाला, वायरीचा सांधा गंजला, पेट्रोलमध्ये पाणी आले, तरी गाडी चढावर अशीच मरते. इंजिनाचा फेरा मोजणारा एक छोटा सेन्सर असतो. तो बिघडला तर तोही तापला की काम सोडतो आणि निवला की पुन्हा धरतो, हुबेहूब पंपासारखा! आमच्या शास्त्रात धुरावरून अग्नी ओळखतात, पण त्यासाठी अग्नीवाचून धूर कुठेच नसतो हे आधी ठाऊक असावे लागते. इथे तर धूर एक आणि चुली सात-आठ.

तेव्हा सोप्या व स्वस्त गोष्टीपासून आरंभ करून एकेक शंका निकालात काढावी. आधी टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका. काटा अडकतो, आणि अर्धी टाकी दाखवणाऱ्या कोरड्या गाड्या पुष्कळ पाहायला मिळतात. दोन लिटर टाकून बघायला काय जाते? मग गाडीत सगळ्यांना गप्प बसवून चावी ‘ऑन’वर न्यावी, स्टार्टर मारू नये. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत दोन सेकंद मागून बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. तो पंप दाब भरून घेत असतो. गुणगुण आली तर वीज पोचते आहे आणि मोटर फिरते आहे, एवढेच सिद्ध झाले. दाब पुरेसा आहे हे नव्हे. आणि गुणगुण आली नाही, तर पंप मेला असेही लगेच म्हणू नये.

गुणगुण नसेल तर फ्यूज पाहावा. जळला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घालावा, तार गुंडाळू नये. तार गुंडाळणे म्हणजे घरच्या राखणदाराला झोपेची गोळी देणे. नवा फ्यूजही लगेच जळला, तर कुठे तरी वायर अंगाला लागते आहे किंवा पंपाची मोटर जाम झाली आहे. फ्यूज ठीक असेल तर रिले. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघावी. पंप गुणगुणू लागला आणि हॉर्न मुका झाला, की चोर सापडला.

तरीही पंप गप्पच असेल तर त्याच्या कपलरपर्यंत वीज येते का, ते टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने तपासावे. कपलर पुष्कळदा मागच्या सीटखाली असतो. टाकीचे झाकण मात्र तेव्हा बंद हवे, पेट्रोलचा वास येत असेल तर तिथे वायरींना हातच लावू नये. वीज येत नसेल तर पंप निर्दोष; मागे जाऊन वायर शोधावी. वीज येते, अर्थिंगही पक्के आहे, तरी पंप फिरत नाही, तर मात्र पंपच गेला. कधी कधी टाकीच्या बुडाला लाकडाने हलके ठोकले की असा पंप क्षणभर जागा होतो. त्यावर घरी पोचता येते. पण तो त्याचा अखेरचा निरोप समजावा.

इथे एक बारकावा आहे, आणि माझे साडेसहा हजार त्यातच गेले. कपलर काढून, पंप जोडलेला नसताना मीटर लावले, तर सांधा कितीही गंजलेला असो, बारा व्होल्ट दिसतात. बागेतल्या नळीचे उदाहरण घ्या. नळी मध्येच पिळवटली आहे. पुढचे तोंड बंद असेल तर नळीत दाब भरपूर वाटतो. तोंड उघडले की धार येते करंगळीएवढी. विजेचेही तसेच. म्हणून मोजमाप पंप चालू असताना करायचे, चालत्या इंजिनावर. बॅटरीशी जेवढे व्होल्ट आहेत त्यापेक्षा पंपाशी एका व्होल्टाहून जास्त तूट दिसली, तर वाटेत कुठे तरी सांधा खराब आहे.

इमामपूरच्या घाटानंतर माझी गाडी एका वयस्कर मिस्त्रींकडे गेली. त्यांनी माझी सगळी कथा ऐकून घेतली आणि एकच प्रश्न केला: ‘पंप बदलला तेव्हा जुना पंप चालत नव्हता, हे कोणी पाहिलं होतं का?’ कोणीच पाहिले नव्हते. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक, मान खाली घालून उभा! त्यांनी सीट काढली, गाडी चालू ठेवली आणि कपलरच्या मागल्या अंगाने मीटरच्या सुया खुपसल्या. पहिली पाच मिनिटे सारे ठीक. पुढे व्होल्ट उतरू लागले, आणि वीस मिनिटांनी बॅटरीशी साडेतेरा असताना पंपाशी नऊदेखील नव्हते. कपलरला हात लावला तर चटका बसला. उघडून पाहिले, तर गाडीकडच्या बाजूची अर्थिंगची पिन हिरवट पडलेली आणि सैल. वीज वाहताना ती तापायची, तापली की अडथळा वाढायचा, पंप मंदावायचा. गाडी थांबली की पिन निवायची. गरम झाला की बंद, गार झाला की चालू, हे त्या गॅरेजवाल्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. फक्त तापत होती ती वस्तू दुसरी होती.

आणि ते नऊ दिवस? पंप बदलताना कपलर काढून पुन्हा दाबून बसवला गेला, त्यात पिनेवरचा गंज खरवडला गेला. तेवढ्या घासण्यावर गाडी नऊ दिवस चालली. नवा कपलर दीडशे रुपयांना मिळाला. मी हट्ट धरला की आता जुना पंपच परत बसवा, म्हणजे खात्री होईल. मिस्त्री म्हणाले, ‘अहो सर, मजुरी पुन्हा पडेल.’ म्हटले, पडू द्या. घरातून शेरा आला, की हा तर्कशास्त्राचा खर्च घरखर्चात धरायचा नाही. जुना पंप बसला, आणि पुढे गाडी विकेपर्यंत, दोन वर्षे, तोच चालला.

पंप गुणगुणतो पण गाडीला दम नाही, अशा वेळी दाब मोजल्याशिवाय निर्णय करू नये. त्याचे घड्याळ, म्हणजे प्रेशर गेज, चांगल्या गॅरेजमध्ये असते. आपल्या गाडीला दाब किती हवा तो आकडा दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेला असतो. दाब कमी निघाला तरी आधी फिल्टर आणि गाळणी पाहावी. तुंबलेल्या गाळणीतून पंप बिचारा किती ओढणार? चावी बंद केल्यावर दाब भराभर उतरत असेल तर पंपातली परतझडप, दाब आवरणारा रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतो आहे. सकाळी पुष्कळ वेळ स्टार्टर मारावा लागण्याचे कारण बहुधा हेच. आणि दाब पुस्तकाप्रमाणे बरोबर असेल तर पंपाला हातही लावू नये. दोष ठिणगीकडे किंवा सेन्सरकडे शोधावा.

जुन्या डायफ्राम पंपाची परीक्षा सोपी. पडदा फाटला तर पंपाच्या अंगच्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकते किंवा इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची काडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी मुळीच चालवू नये. ऑइल पातळ होऊन बेअरिंगे जातात, शिवाय आगीचे भय वेगळे. डिझेलच्या गाड्या आणि ट्रॅक्टर यांचा प्रकार निराळा. तिथे नळीत हवा धरणे हेच बंद पडण्याचे नेहमीचे कारण असते, त्याचा विचार पुन्हा कधी तरी.

आता समजा, दोष पंपाचाच ठरला. तो बदलण्याचे काम कसबी माणसाकडेच द्यावे असे माझे मत आहे. तरी समोर उभे राहून काय पाहावे, हे माहीत असावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत जाऊन पोचते. नगरचे लोक रणगाड्यांना सरावलेले आहेत. इथे चिलखती दलाचे केंद्र आहे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत जर्मनांनी पँथर नावाचे नवे कोरे रणगाडे उतरवले, त्यांतल्या काहींना शत्रूची तोफ लागण्याआधी स्वतःच्याच पेट्रोलच्या गळतीने आग लागली. पोलादाच्या चिलखताची ही कथा, तर आपल्या पत्र्याच्या गाडीचे काय!

म्हणून काम उघड्यावर, सावलीत करावे. बंद खोलीत नको, गॅरेजच्या खड्ड्यावर नको. विडी-सिगारेट नको, उजेडासाठी तारेचा बल्ब लोंबकळता नको. कोरड्या पावडरचे आगविझवे जवळ ठेवावे. टाकीत पेट्रोल पाव भागाहून कमी असलेले बरे. जास्त असेल तर ते काढायला हातपंप वापरावा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती घातक आहे. घोट पोटात गेला तर उलटी होतेच असे नाही, पण दोन थेंब फुप्फुसात गेले तर न्युमोनियासारखा भयंकर आजार होतो. चुकून कुणाच्या तोंडात गेलेच, तर उलटी करवू नये, थेट दवाखान्यात न्यावे.

पहिले काम नळीतला दाब उतरवण्याचे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करावे. नळीतले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. पुष्कळ गाड्यांत मागची सीट उचलली की टाकीचे झाकण दिसते. काहींत टाकीच खाली उतरवावी लागते आणि मजुरी वाढते. झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ ब्रशने आणि ओल्या फडक्याने निपटून काढावी. आपल्या भागातली धूळ टाकीत गेली तर नव्या पंपाची गाळणी महिन्यात तुंबेल. झाकणाची दिशा खुणेने लिहून ठेवावी. कडे फिरवायला लोखंडी छिन्नी-हातोडा घेऊ नये, ठिणगी उडते. लाकूड किंवा पितळ चालते. पंप वर काढताना सरळ उपसू नये, तरंगणारा फ्लोट एका बाजूला असतो, तो वाकला तर पुढे जन्मभर काटा खोटे बोलेल. टाकीच्या तळाशी गाळ किंवा पाणी दिसले तर टाकी साफ केल्यावाचून नवा पंप आत सोडू नये. रबरी रिंग आणि गाळणी दोन्ही नवी घ्यावीत. जुनी रिंग पुन्हा बसवून दहा-वीस रुपये वाचवणाऱ्याच्या गाडीत पुढे कायम पेट्रोलचा वास येत राहतो. टाकीत बुडणारी नळी त्याच कामाची हवी, साधी रबरी नळी बाहेरून पेट्रोलमध्ये भिजली की विरते. आणि कपलर! तो निरखून पाहावा. दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी एवढे ठेवा.

जोडणी झाली की कोरड्या टाकीत पंप फिरवू नये, आधी पाच लिटर पेट्रोल घालावे. चावी तीन-चार वेळा ‘ऑन’ करून बंद करावी, म्हणजे नळी भरते. बॅटरी लावल्यावर, सीट बसवण्याआधी, दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून कुठे ओल किंवा वास नाही ना ते पाहावे. दाब पुन्हा मोजून आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वेळी तुलनेला तोच कामी येतो.

एक प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो, विशेषतः आपल्या ऊसवाल्या जिल्ह्यात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने पंप बिघडतो का? १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या मळीची धार कधी मोटारीच्या टाकीपर्यंत जाईल असे कुणाला वाटले नसेल. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉल दहा टक्क्यांवर पोचले, २०२५ मध्ये वीसवर. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर व प्लास्टिक या मिश्रणाला सोसेल असे असते. त्याआधीच्या गाड्यांत काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे सरकारी खुलाशातही आलेले आहे. फियाटसारख्या जुन्या गाडीचा पडदा तर याला टिकेल अशा रबराचाच मागून घ्यावा. दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी धरून ठेवते. थोडे पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरून जाते. पण जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर बसतो, आणि पंप ओढतो तो नेमका तळाचा. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा त्रास अधिक. पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे, गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी ठेवू नये. सगळा दोष उसाच्या माथी मारण्याची गरज नाही. घरात डब्यात साठवलेले पेट्रोल आणि त्याबरोबर येणारा कचरा यांनीही पंप मरतात.

शेवटी पैशाची एक गोष्ट. कधी कधी पंप मुळातच सदोष निघतो आणि कंपनी तो बदलून देते. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या संशयावरून परत बोलावल्या होत्या. होंडानेही २०२० पासून अनेकदा असे केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ९२,६७२ गाड्या बोलावल्या. होंडाच्या पंपात प्लास्टिकचा जो पंखा पेट्रोल ढकलतो, त्यात दोष असू शकतो असे आढळले होते. अशा वेळी पंप फुकट बदलून मिळतो. गाडी सेकंडहँड असली तरी मिळतो, कारण हिशेब गाडीचा असतो, मालकाचा नव्हे. गाडीचा चासी नंबर आरसी बुकात असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घालून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून आपली गाडी त्या यादीत आहे का, ते दोन मिनिटांत कळते. गॅरेजवाल्याने ‘पंप गेला’ म्हटल्यावर खिशात हात घालण्याआधी हा एक फोन जरूर करावा.